काळ्या दगडाखाली बघणारा कोड गोदरेजच्या कपाटात का? : संयुक्त संशोधनाच्या फायलींवर सही करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
परदेशी विद्यापीठांशी संशोधनाचे करार करणारे, त्याला पैसे मंजूर करणारे आणि मुदत संपली की फाइल बंद करणारे सर्व साहेब आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एक बातमी वाचली. फोटोत नेहमीसारखे टेबलावर दोन छोटे झेंडे, मधे फुलांचा गुच्छ, दोघेजण निळ्या फोल्डरची अदलाबदल करतायत. खाली लिहिलेलं की बेसाल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या दगडाच्या, खाली दडलेल्या थरांचं चित्र काढण्यासाठी समांतर संगणनावर (एकच काम अनेक प्रोसेसरांना वाटून) चालणारं सॉफ्टवेअर दोन्ही देश मिळून "नव्याने विकसित" करणार, मुदत तीन वर्षं. मी तेव्हा हिंजवडी फेज थ्रीच्या ट्रॅफिकमध्ये कंपनीच्या कॅबमध्ये अडकले होते आणि ती बातमी मी चार वेळा वाचली, कारण ते सॉफ्टवेअर विकसित झालेलं आहे साहेब. आम्हीच केलंय. पाच जणांनी, साडेतीन वर्षं घालून, तुमच्याच आधीच्या एका कराराखाली, तुमच्याच पैशातून. आता ते एका संस्थेतल्या गोदरेजच्या कपाटात चार टेराबाइटच्या डिस्कवर पडून आहे आणि ती डिस्क शेवटची कधी लावून बघितली हे तिथे कुणालाच सांगता येणार नाही.

संस्थेचं नाव लिहीत नाही, परदेशातल्या विद्यापीठाचंही नाही. एका जागेची उणीदुणी काढायला हे पत्र नाहीये. दुसरीकडे असेच प्रकल्प केलेल्या मित्रमैत्रिणींशी बोलले तर त्यांचीही गोष्ट साधारण हीच निघाली, फक्त कपाटाची कंपनी वेगळी.

मी कोण ते सांगते. गाव औसा तालुक्यात, जिल्हा लातूर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी पाच वर्षांची होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून गाव झोपलेलं. आमचं घर पडलं नाही, मागची भिंत फुगली आणि आम्ही पुढे कितीतरी दिवस अंगणात पत्र्याखाली झोपलो. नंतर शास्त्रज्ञ लोक आले, त्यांनी किल्लारीला खोल भोक पाडलं आणि त्यात काळा दगड ३३८ मीटर जाडीचा निघाला, त्याखाली कितीतरी जुना खडक. म्हणजे आमच्या पायाखाली काय आहे हे बघायला आधी भूकंप व्हावा लागला. हे मला बारावीच्या सुमाराला कळलं आणि तिथून मी जिओफिजिक्सकडे वळले, मग प्रोग्रामिंगकडे, मग ह्या प्रकल्पात. त्यामुळे हे माझ्यासाठी नुसतं "प्रोजेक्ट कोड अमुक अमुक" नव्हतं.

आता जे लोक ह्या विषयातले नाहीत आणि हे पत्र वाचतायत त्यांच्यासाठी थोडं, कारण पैसे तुमचेही आहेत.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर ओतला गेला आणि आजही तो साधारण पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग, शिवाय मध्य प्रदेश, गुजरात. किल्लारीला ३३८ मीटर, कोयनेला भोक पाडलं तेव्हा नऊशे मीटरच्या वर. ह्या दगडाखाली काही ठिकाणी, सौराष्ट्रात, कच्छमध्ये, तापी-नर्मदेच्या पट्ट्यात, लाव्हाच्या आधीचे गाळाचे थर आहेत, आणि गाळाचे थर म्हटले की तेल-वायू शोधणाऱ्यांचे कान टवकारतात. पण बघायचं कसं? जमिनीला दणका द्यायचा, स्फोटाने किंवा थरथरणाऱ्या ट्रकने, आणि खालून परत येणाऱ्या लाटा जिओफोनवर ऐकायच्या, ही नेहमीची पद्धत. वाळू-चिखलाच्या थरांत ती छान चालते. काळ्या दगडात लाट शिरते तीच मुळी कमी, बराचसा आवाज वरच्या वर परततो, जो शिरतो तो घट्ट दगड, मग भोकाभोकांचा दगड, मग लाल मातीची पट्टी, परत घट्ट दगड असा आपटत आपटत जातो आणि परत येताना सगळा गोंगाट होऊन येतो. एस्टी स्टँडवर मागच्या बाकावरच्या माणसाची कुजबुज ऐकायची, असं काहीसं.

हा त्रास एकट्या आपल्याला नाही. ब्राझीलमध्ये पाराना खोऱ्यावर असाच लाव्हा बसलाय, फेरो बेटं आणि शेटलंडच्या मधल्या समुद्रातही. म्हणून ह्या विषयात दोन देशांनी एकत्र येणं ही फोटोपुरती कल्पना नाहीये, ते खरंच शहाणपणाचं आहे, आणि मी ह्या पत्रात सहकार्याच्या विरोधात एक शब्द लिहिणार नाहीये हे आधीच सांगून ठेवते.

ह्यावरचा एक उपाय म्हणजे रिव्हर्स टाइम मायग्रेशन, आम्ही आरटीएम म्हणतो. दणक्याची लाट कॉम्प्युटरमध्ये खाली सोडायची, आणि जिओफोनवर ऐकलेली लाट काळ उलटा करून परत जमिनीत ढकलायची. दोन्ही लाटा जिथे एकाच क्षणी भेटतात तिथे थराची सीमा असणार. वाचायला सोपं. आता हिशोब करा. आडवे हजार, उभे हजार आणि खोलीला पाचशे ठिपके घेतले तर पन्नास कोटी ठिपके, एका क्षणाचं चित्र दोन जीबीचं. असे पाच हजार क्षण साठवायचे तर दहा टेराबाइट, आणि हे झालं एका दणक्याचं. सर्व्हेमध्ये दणके हजारो असतात. बारीक दिसावं म्हणून फ्रीक्वेन्सी दुप्पट केली तर काम दुप्पट नाही होत, सोळा पट होतं.

म्हणून समांतर. दणके वेगवेगळ्या नोडना, म्हणजे सुपरकॉम्प्युटरमधल्या एकेका कॉम्प्युटरला, वाटून देता येतात, तो सोपा भाग. अवघड भाग एका दणक्याच्या आतला. जमिनीचे तुकडे करून ते प्रोसेसरांना वाटायचे, पण लाट काही तुमच्या वाटणीला जुमानत नाही, ती ह्या तुकड्यातून त्या तुकड्यात जाणार. भावाभावांत शेत वाटलं तरी बांधावरचं पाणी एकमेकांना विचारूनच सोडावं लागतं ना, तसं प्रत्येक पावलाला प्रत्येक प्रोसेसरने शेजाऱ्याला आपल्या बांधाकडचे आकडे द्यायचे, त्याचे घ्यायचे, मग पुढचं पाऊल. पाच हजार पावलं. हे बोलणं जितकं कमी आणि जितकं हुशारीने तितका कोड पळतो. आमच्याकडे सुरुवातीला प्रोसेसर अर्धा वेळ नुसते एकमेकांची वाट बघत बसायचे, तलाठी ऑफिससारखे. मग आतल्या ठिपक्यांचं काम चालू ठेवून बांधावरचे आकडे मागच्या मागे पाठवायचे ही युक्ती आम्ही बसवली, ती तिकडच्या एका पीएचडीच्या मुलीने मला दोन दिवस शेजारी बसून शिकवली. ह्याला म्हणतात सहकार्य. करारात तिचंही नाव नव्हतं आणि माझंही नव्हतं.

एक रात्र सांगते. पहिल्यांदा पूर्ण सर्व्हे चालवला तेव्हा मशीनवरच्या एका कामाला, म्हणजे जॉबला, ७२ तासांची मर्यादा होती. आम्ही आळीपाळीने जागत होतो, जागून खरं तर काही करायचं नसतं, पण झोप लागत नाही. ७१ व्या तासाला एक नोड पडला आणि जॉब मेला. चेकपॉइंट, म्हणजे झालेलं काम मधे मधे जपून ठेवायची नोंद, लिहायचा राहिला होता, चूक माझीच. सकाळी सहाला गेटबाहेरच्या टपरीवर चहा पिताना आमच्यातला सगळ्यात लहान पोरगा म्हणाला, ताई, आपण चेकपॉइंट लिहिला नाही पण निदान आपल्याला आठवतंय तरी काय काय झालं ते. तिसऱ्यांदा जॉब पूर्ण झाला तेव्हा स्क्रीनवर दगडाच्या तळाची रेघ आली, आधी नुसता करडा गोंगाट होता तिथे एक वाकडी रेघ, आणि तिच्या खाली अजून दोन फिकट. आम्ही पाचही जण खुर्च्या ओढून बसलो, कुणी बोलेना.

ते चित्र अंतिम अहवालात पान ४१ वर आहे. कुणी उघडलं असेल तर.

आता तक्रारी.

पहिली, मशिनच्या वेळेची. प्रकल्पाची मुदत ज्या तारखेला संपली त्या तारखेला रात्री बाराला आमची अकाउंटं बंद झाली. मुदतवाढीचा अर्ज दोन महिने आधी दिलेला, त्याचं उत्तर मुदत संपल्यावर तीन आठवड्यांनी आलं, "प्रकल्प समाधानकारकरीत्या पूर्ण झाला असल्याने वाढीव कालावधीची आवश्यकता दिसत नाही". तोवर स्क्रॅचवरचा, म्हणजे मशीनवरच्या तात्पुरत्या जागेतला, डेटा नियमाप्रमाणे पुसला गेला होता. नियम बरोबरच आहे, स्क्रॅच ही काही गोडाऊन नाही. पण साठवायला दुसरी जागा कुठल्या हेडखाली मागायची हे साडेतीन वर्षांत कुणी सांगितलं नाही, कारण बजेटमध्ये मशिनला हेड होतं, प्रवासाला होतं, परिषदेला होतं, डेटा जपायला नव्हतं. जे वाचलं ते मी आणि त्या पोराने शेवटच्या चार रात्रींत डिस्कवर उतरवलं म्हणून. डिस्कचे पैसे कन्टिन्जन्सीतून मिळाले, ते मात्र लगेच मिळाले, कबूल करते.

दुसरी तक्रार सगळ्यात मोठी. कोड कुणाचा? करारात एक वाक्य होतं की बौद्धिक संपदेबाबत उभय पक्ष यथावकाश स्वतंत्र करार करतील. तो यथावकाश आलाच नाही. इकडच्या लीगलने तिकडच्या लीगलला मसुदा पाठवला, तिकडच्यांनी सात दुरुस्त्या सुचवल्या, इकडचे अधिकारी बदलले, संपलं. आता इकडचे म्हणतात त्यांची परवानगी नाही, तिकडचे म्हणतात तुमची नाही. त्यामुळे तो कोड विकता येत नाही, वाटता येत नाही, कुणा विद्यार्थ्याला शिकायला देता येत नाही, आणि मी माझ्या स्वतःच्या बायोडेटात त्याची लिंक टाकू शकत नाही. भाऊबंदकीत पडलेला वाडा बघितलाय ना तुम्ही, दोन्हीकडची कुलपं आणि आत पिंपळ उगवलेला. तसंच.

आणि हे अटळ आहे असं कुणी सांगू नका. २०१५ ला युरोप आणि ब्राझीलने मिळून एचपीसीफोरई नावाचा प्रकल्प काढला, बार्सिलोना सुपरकॉम्प्युटिंग सेंटर पुढे होतं, पेट्रोब्रास आणि रेप्सॉलसारख्या तेल कंपन्याही त्यात होत्या. त्यांनी लाटांचे कोड तपासायला लागणारी चाचणी-मॉडेलं सगळ्यांसाठी खुली ठेवली. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधून आलेलं डेव्हिटो, ज्यात लाटेचं समीकरण लिहिलं की जलद चालणारा कोड आपोआप तयार होतो, ते खुलं आहे, आणि ब्राझीलच्या साल्वाडोरमधल्या सेनाई सिमाटेक ह्या संस्थेचे लोक त्यात काम करतात. कोलोराडो स्कूल ऑफ माइन्सचं सिस्मिक युनिक्स हे अशाच लाटांच्या डेटावर काम करायचं सॉफ्टवेअर तर आम्ही शिकलोच त्याच्यावर, फुकट, इथे पुण्यात बसून. दुसऱ्यांनी उघडं ठेवलं म्हणून आम्ही शिकलो, आणि आम्ही केलेलं मात्र कपाटात, हे मला गिळता येत नाही.

तिसरी, डेटा. खऱ्या सर्व्हेचा डेटा मिळायला आम्हाला चौदा महिने लागले, मिळाली ती एक जुनी टू-डी लाइन, म्हणजे एकाच रेघेवर केलेला सर्व्हे, तीही हेडरमध्ये, म्हणजे डेटासोबतच्या नोंदीत, शॉटचे (दणक्यांचे) नंबर चुकलेली. त्यातले तीन आठवडे मी सर्व्हेच्या वेळच्या हाताने लिहिलेल्या वह्यांच्या झेरॉक्सवरून नंबर जुळवण्यात घालवले, कुणा निरीक्षकाने निळ्या शाईत लिहिलेलं "नाल्यामुळे दोन पॉइंट सोडले", "गावकऱ्यांची हरकत". प्रकल्प संपल्यावर डेटा पुसून तसं लिहून द्यायला लावलं. ठीक आहे, एनडीए म्हणजे गुप्ततेचा करार होता, सही केली होती. पण नॉर्वेत इक्विनॉर ह्या तेल कंपनीने व्होल्वे नावाचं संपलेलं तेलक्षेत्र २०१८ साली डेटासकट खुलं केलं, चाळीस हजारांच्या आसपास फायली, जगभरची पोरं त्यावर शिकतायत. आपल्याकडची पोरं पण नॉर्वेच्याच डेटावर शिकतात. नॉर्वेच्या त्या समुद्रात काळा दगड नाही हो वर.

चौथी, माणसं. ही थोडक्यात लिहिते नाहीतर लांबेल. अकरा-अकरा महिन्यांची कंत्राटं, मधे एक दिवस ब्रेक. पाचांपैकी एक ह्यूस्टनला आहे, तिथल्या कंपनीत हेच काम करतो. एक बेंगळुरूला चिपच्या कंपनीत. एकाने एमपीएससी दिली. तो लहान पोरगा कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो आणि मी पेमेंट गेटवेच्या सपोर्टमध्ये, यूपीआय अडकलं की आम्हाला फोन येतो. वाईट नोकरी नाही, पगार तिप्पट आहे, हप्ते वेळेवर जातात. पण एमपीआय, म्हणजे प्रोसेसरांचं ते एकमेकांशी बोलणं लिहायची पद्धत, माहिती असलेला माणूस तयार व्हायला तीन-चार वर्षं जातात आणि तुम्ही तो अकरा महिन्यांच्या कागदावर घालवता. परदेश दौऱ्यांचंही हेच. साडेतीन वर्षांत सात दौरे झाले, कोड लिहिणाऱ्यांच्या वाट्याला त्यातला एक आला, पंधरा दिवसांचा, आणि जे काही खरं शिकणं झालं ते त्या पंधरा दिवसांत झालं.

पाचवी तक्रार माझी घरची आहे.

आमच्या दादाने २०१६ च्या उन्हाळ्यात, म्हणजे मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं त्या साली, शेतात तिसरा बोअर घेतला. सहाशे फूट, कोरडा. आधी पाणाडी बोलावला होता, तळहातावर नारळ उभा करून फिरला, नारळ आडवा झाला तिथे खूण केली. मी तेव्हा पुण्यात लाटांचीच समीकरणं सोडवत होते. दादा फोनवर म्हणाला, "तुमचं ते मोठं मशीन दोन-तीन किलोमीटर खालचं बघतंय म्हणं, माझं सहाशे फुटांतलं बघतंय का?" मला उत्तर देता आलं नाही. उत्तर खरं म्हणजे आहे. काळ्या दगडात पाणी असतं ते भेगांत, झिजलेल्या थरात आणि दोन लाव्हांच्या मधल्या पोकळ पट्ट्यांत, म्हणजे नेमकं तेच जे आम्ही तेलासाठी "गोंगाट" म्हणून काढून टाकत होतो. तीच लाट, तेच गणित, खोली कमी, जिओफोन जवळजवळ लावायचे. उद्या जाऊन पाणी सापडेल असा दावा मी करत नाहीये, खूप काम लागेल, विजेच्या रोधाची मोजमापं जोडीला घ्यावी लागतील, आणि प्रत्येक शेतात जाऊन दणके देणंही परवडणारं नाही. पण एका पाणलोटावर करून बघायला काय हरकत होती? तसा दोन पानांचा प्रस्ताव मी प्रकल्पात असताना दिला होता. शेरा आला, "विषय प्रकल्पाच्या कक्षेबाहेरचा". नैसर्गिक संपत्ती म्हणजे फक्त तेल आणि कोळसा असं कुठे लिहिलंय ते मला दाखवा.

कुणी म्हणेल आपल्याकडे एवढी ऐपत कुठे. ऐपतीचं मला सांगू नका. मुंबई हायची रचना साठच्या दशकात अकादेमिक अर्खांगेल्स्की ह्या रशियन जहाजावर रशियन आणि आपल्या लोकांनी मिळून केलेल्या सर्व्हेत सापडली, १९७४ ला जपानमध्ये बांधलेल्या सागर सम्राट ह्या ड्रिलिंग रिगने तिथे तेल काढून दाखवलं, आणि पुढची पन्नास वर्षं देशाला तिथून तेल मिळत राहिलं, कारण त्या सहकार्यानंतर माणसं आणि माहिती इथे राहिली, इथल्या लोकांनी पुढे चालवली. पुण्यातच १९८८ ला सी-डॅक ही सरकारी संगणन संस्था सुरू झाली, अमेरिकेने क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला खळखळ केली म्हणून, आणि १९९१ ला परम ८००० हा आपला सुपरकॉम्प्युटर उभा राहिला, ट्रान्सप्युटर नावाचे छोटे छोटे प्रोसेसर जोडून, हीच समांतर संगणनाची कल्पना. तो परम रशियालाही गेला. २०१५ ला नॅशनल सुपरकॉम्प्युटिंग मिशनला ४५०० कोटी मंजूर झाले, त्यात तेल-वायू शोधासाठी सिस्मिक इमेजिंगचं (लाटांवरून जमिनीखालचं चित्र काढायचं) सॉफ्टवेअर हा एक ठरवलेला विषय आहे. म्हणजे पैसा आहे, मशीन आहे, मिशनच्या कागदात विषयसुद्धा आहे. नाहीये ते फक्त मुदत संपल्यानंतरच्या दिवसाचं नियोजन.

आणि पैशाचा मार्गही आहे. ब्राझीलमध्ये मोठ्या उत्पन्नाच्या तेलक्षेत्रांवर कंपन्यांना ढोबळ उत्पन्नाचा एक टक्का संशोधनाला द्यावाच लागतो, तिकडची सुपरकॉम्प्युटरची आणि विद्यापीठांची बरीच कामं त्यावर चालतात. आपल्याकडे २०१५ च्या खाण कायद्याच्या दुरुस्तीने रॉयल्टीच्या दोन टक्के रक्कम खनिज शोधाच्या ट्रस्टला जायला लागली, २०२५ च्या दुरुस्तीने ती तीन टक्के झाली. शोध म्हणजे नुसतं ड्रिलिंग नसतं ना, आधी बघावं लागतं कुठे ड्रिल करायचं ते. त्यातला चिमूटभर वाटा कोड आणि डेटा जिवंत ठेवायला दिला तर कुणाच्या ताटातलं काही कमी होणार नाही.

मागण्या. नवीन मशीन मागत नाहीये, नवीन इमारत तर अजिबातच नाही.

१) नव्या करारावर काम सुरू करायच्या आधी जुन्या प्रकल्पांत काय तयार झालंय त्याची यादी करा आणि जाहीर करा. कोड, डेटा, अहवाल, कोणाच्या ताब्यात, चालतं की नाही. चालतं की नाही हे कागदावर नको, कुणीतरी चालवून बघून लिहा.

२) कोडच्या मालकीचं कलम करार करतानाच लिहा, नंतर नाही. सार्वजनिक पैशातून झालेला कोड, कंपनीचं खरंखुरं गुपित त्यात नसेल तर, मुदत संपल्यावर सहा महिन्यांत खुला व्हायला हवा. आणि ज्यांनी लिहिला त्यांची नावं त्यात राहू द्या. आमच्या जुन्या कोडचा जो तिढा आहे तो सोडवायला दोन्हीकडच्या लीगलना एकदा एका टेबलावर बसवा, एक दिवस पुरे आहे.

३) प्रकल्प संपल्यावर निदान दोन वर्षं थोडा मशीन-टाइम आणि साठवणीची जागा, आणि एक माणूस, कायम नसेल तर निदान तीन वर्षांच्या सलग कंत्राटावर, फक्त कोड सांभाळायला. कंपायलर बदलतात, जीपीयू बदलतात, दोन वर्षं हात लावला नाही की कोड उठत नाही.

४) तेलशोधाच्या सोडून दिलेल्या ब्लॉकमधल्या काही जुन्या लाइन्स, काळ्या दगडावरच्या, शिकण्यासाठी आणि तपासण्यासाठी खुल्या करा. एकच लाइन द्या सुरुवातीला. चुकलेल्या हेडरसकट दिली तरी चालेल, आम्ही जुळवून घेऊ, सवय आहे.

५) दौऱ्यांच्या बजेटमधला निम्मा वाटा प्रत्यक्ष कोड लिहिणाऱ्या आणि फील्डवर जाणाऱ्या लोकांसाठी राखीव.

६) मराठवाड्यातला एक पाणलोट घेऊन उथळ सर्व्हे करून बघायला परवानगी आणि छोटं अनुदान. राज्याची भूजल यंत्रणा, एखादं जवळचं कॉलेज आणि आम्ही. नाही जमलं तर नाही जमलं असा अहवाल देऊ, तोही कामाचा असतो. त्या अहवालाचं पान कितवं ते मी स्वतः येऊन दाखवीन.

ह्या पत्राची एक प्रत तुमच्या ऑफिसला पोस्टाने पाठवली आहे, पोचपावती जपून ठेवलीय. नवा प्रकल्प ज्यांना मिळालाय त्यांच्याशी माझं काही वाकडं नाही, उलट त्यांच्यातल्या एकीचा मला मेसेज आला होता की सुरुवात कुठून करायची. तिला मी काय सांगू, मला कायद्याने काही सांगायची मुभा आहे की नाही हेच माहिती नाही. तेवढं तरी लेखी कळवा.

आणि डिस्क. कपाट दुसऱ्या मजल्यावर जिन्याशेजारच्या खोलीत आहे, वरून तिसरा कप्पा, जुन्या प्रिंटरच्या टोनरच्या खोक्याच्या मागे. डिस्कवर पांढरी चिकटपट्टी आहे, त्यावर "आरटीएम शेवटचं, पुसू नये" असं लिहिलंय, अक्षर माझंच आहे. किल्ली स्टोअरमध्ये असते. उघडली आणि कंपाइल होत नसेल तर मला फोन करा, नंबर अंतिम अहवालाच्या शेवटच्या पानावर आहे, अजून तोच आहे. शनिवार-रविवार मी मोकळी असते. बाकीच्या दिवशी रात्री नऊनंतर.

आपली,
त्या पाचांपैकी एक
पुणे, मूळ तालुका औसा